कोअर-अवर्स साठवून ठेवता येत नाहीत हो

प्रोसेसरचा एक कोअर तासभर वापरला की एक कोअर-अवर, आणि आमच्या सामायिक मशीनवर प्रत्येक ग्रुपला तिमाहीला असे ठरावीक अवर्स वाटून दिलेले असतात. तिमाही संपत आली की आम्हाला एकाच छापाचे मेल सुरू होतात. आमच्या ग्रुपचे दीड-दोन लाख अवर्स शिल्लक आहेत, ते पुढच्या तिमाहीत कॅरी फॉरवर्ड करून द्या. पाठवणारे प्रोफेसर असतात त्यामुळे भाषा एकदम सभ्य, फक्त सीसीमध्ये डीनचं नाव असतं, त्यावरून काय ते समजून घ्यायचं. आणि त्याच आठवड्यात दुसरीकडून मेल येतो की आमचे अवर्स संपले, पेपर रिव्हिजनला आलाय, रेफरीने अजून कॅल्क्युलेशन्स मागितलीत, थोडे वाढवून द्या ना. आता याचे उचलून त्याला दिले की विषय संपला, असं कुणालाही वाटेल. पण पहिल्याकडे जे "शिल्लक" दिसतंय ते मुळात कुठे ठेवलेलंच नाहीये, तर उचलणार कुठून?

मी पुण्यात एका संस्थेच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कम्प्युटरांच्या मशीनवर, सिस्टिमचं काम बघतो. जॉब (कुणी चालवायला टाकलेलं कॅल्क्युलेशन) का अडकला, नोड (क्लस्टरमधला एक कम्प्युटर) का पडला, हे तर असतंच, पण माझा बराचसा वेळ जातो तो अलोकेशनच्या, म्हणजे अवर्सच्या वाटणीच्या, अकाउंट्समध्ये. म्हणजे लॉगिन नव्हे, लॉगिन फक्त आत यायला. एकदा आत आलात की तुमचा जॉब कुणाच्या खात्यावर पडणार, त्या खात्याला किती वाटा आहे, किती संपलाय, हे सगळं त्या दुसऱ्या अकाउंटवर ठरतं. पूर्वी ज्याच्या त्याच्या लॅबमध्ये कोपऱ्यात एक छोटा क्लस्टर घुरघुरत असायचा, एसी बंद पडला की सगळे धावायचे, आणि वाटणीचा प्रश्न लॅबमधल्या लॅबमध्ये भांडून सुटायचा. २०१५ मध्ये नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशन मंजूर झालं, त्यातून आयसर पुण्याला परम ब्रह्म आलं, सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय आलं, तशी मोठी सामायिक मशिन्स ठिकठिकाणी उभी राहिली. मशीन मोठं झालं, भांडणही मोठं झालं. आमचं मशीन त्यांच्यापुढे किरकोळ आहे, पण भांडण तेच.

जरा हिशोब करू, कारण हा हिशोब कुणी करतच नाही. समजा १०० नोड आहेत, एका नोडला ४८ कोअर, म्हणजे ४,८०० कोअर. ९० दिवसांची तिमाही धरली तर ४,८०० गुणिले २४ गुणिले ९०, म्हणजे १ कोटी ३ लाख ६८ हजार कोअर-अवर्स. हे झालं कमाल उत्पन्न, तेही एकही नोड पडला नाही, लाइट गेली नाही, मेंटेनन्स घेतला नाही तर. आता एखाद्या रात्री ३० नोड १० तास रिकामे राहिले, तर १४,४०० कोअर-अवर्स गेले. गेले म्हणजे गेलेच. डिस्कवर नाहीत, डेटाबेसमध्ये नाहीत, त्या रात्री फक्त पंखे फिरले आणि वीजबिल आलं.

गावाकडे ज्यांची शेती कॅनॉलवर आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. शेजपाळीत तुमचा नंबर रात्री दोनला लागला आणि तुम्ही दारं धरायला गेला नाहीत, तर पाणी पुढच्याच्या शेतात जातं, आणि पुढच्या आवर्तनाला "माझं मागचं राहिलंय, आता डबल द्या" म्हणून पाटकऱ्याकडे गेलात तर तो काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारण पुढच्या आवर्तनातलं पाणी आधीच सगळ्यांना वाटून झालेलं असतं. आमचंही अगदी हेच आहे. पुढच्या तिमाहीचे एक कोटी अवर्स वाटून झालेत, त्यात मागचे वीस लाख कॅरी फॉरवर्ड घुसवले तर मशीन काही वीस लाखांनी वाढत नाही, फक्त क्यू लांबते. आणि ती लांबते सगळ्यांसाठी, ज्याने आपले अवर्स वेळेवर वापरले त्याच्यासाठीही.

बरं, आता हे सगळं चालतं कशावर, तर आमच्याकडे स्लर्मवर. जॉब रांगेत लावून त्यांना नोड वाटून देणारं, अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये सुरू झालेलं सॉफ्टवेअर आहे, फुकट, ओपन सोर्स, आणि जगातल्या कितीतरी क्लस्टरवर तेच आहे. त्याच्यामागे एक डेटाबेस असतो आणि त्यात एक झाड असतं. वर रूट, त्याखाली डिपार्टमेंट, त्याखाली एकेका प्रोफेसरचं अकाउंट, त्याखाली पोरं. पोरगं, अकाउंट आणि क्लस्टर अशी जी गाठ बसते तिला असोसिएशन म्हणतात, आणि सगळे वाटे, सगळ्या मर्यादा त्या गाठीवर लागतात, माणसावर नाही. एकच पोरगी दोन गाइडकडे काम करत असेल तर तिच्या दोन गाठी, आणि जॉब टाकताना ती अकाउंटचं नाव द्यायला विसरली तर जॉब डिफॉल्ट अकाउंटवर पडतो. मग पहिल्या सरांचे अवर्स दुसऱ्या मॅडमच्या प्रोजेक्टवर खर्च होतात आणि तिमाहीच्या शेवटी मीटिंगमध्ये दोघंही माझ्याकडे बघतात. म्हणून दोन गाइडवाल्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, स्क्रिप्टमध्ये अकाउंटची ओळ हाताने लिहायची, डिफॉल्टवर भरवसा ठेवायचा नाही.

वाटणी करायच्या मुख्य रीती दोन आणि लोक त्यांची कायम भेळ करतात. एक फेअरशेअर, दुसरी ठोक मर्यादा.

फेअरशेअरमध्ये कुणाला कधीच "संपले" असं होत नाही. तुमचा वाटा ठरलेला, तुम्ही त्यापेक्षा जास्त वापरलंत की प्रायॉरिटी खाली, कमी वापरलंत की वर. मशीन रिकामं असेल तर खाली असलेल्याचाही जॉब सुटतो, कुणाला त्रास नाही. आणि जुना वापर हळूहळू विसरला जातो. स्लर्ममध्ये त्याची हाफ-लाइफ डिफॉल्टने ७ दिवस असते, म्हणजे आज तुम्ही १ लाख अवर्स जाळलेत तर आठवड्याने ते ५० हजार मोजले जातात, चार आठवड्यांनी ६,२५०. शेड्युलर मनात राग धरत नाही, ही फार चांगली गोष्ट आहे, डिपार्टमेंटबद्दल असं म्हणता येत नाही.

यात एक खोच आहे ती मात्र सगळ्या विद्यार्थ्यांनी समजून घ्या. हल्ली जी पद्धत डिफॉल्ट आहे, फेअर ट्री, तिच्यात तुलना वरून खाली होते. आधी डिपार्टमेंट विरुद्ध डिपार्टमेंट, मग त्यातले ग्रुप, मग ग्रुपमधली माणसं. त्यामुळे तुमच्या ग्रुपमधल्या एका सीनियरने महिनाभर मशीन झोडपलं असेल तर तुम्ही स्वतः एक जॉबही टाकला नसेल तरी तुमचा नंबर शेजारच्या कमी वापरणाऱ्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या मागेच. "सर मी तर काहीच रन केलं नाही, मग माझा जॉब मागे का?" याचं उत्तर तुमच्या बाजूच्या खुर्चीत बसलेलं असतं. एसशेअर कमांड मारा, ग्रुपचं नाव बघा, आणि चहाला जाऊन त्या सीनियरशी बोला, मला मेल करून उपयोग नाही.

ठोक मर्यादा म्हणजे ग्रुपला तिमाहीला अमुक इतके, संपले की बंद. कमिटीला हीच आवडते, कारण कमिटीला मिनिट्समध्ये लिहायला आकडा लागतो. फेअरशेअरचा ०.३७ असा आकडा कुणाला प्रेझेंटेशनमध्ये दाखवणार? तर आकडा ठरतो, आणि तो मशीनमध्ये घालायला माझ्याकडे येतो. पहिली गंमत अशी की कमिटी बोलते तासांत आणि स्लर्म ही मर्यादा घेतं मिनिटांत. १ लाख अवर्स द्यायचे असतील तर ६० लाख टाइप करायचे. शून्यं मोजत बसायची. एंटर मारल्यावर ते विचारतं, बदल कमिट करायचे का, ठरवायला ३० सेकंद आहेत. त्या ३० सेकंदांत मी अजूनही कॅल्क्युलेटर उघडतो, आणि हे न विचारता करून टाकायचा जो ऑप्शन आहे तो लावायचा मोह मी मुद्दाम टाळतो.

दुसरी गंमत जास्त खोल आहे. ठोक मर्यादा लावली, पण हाफ-लाइफ तशीच सात दिवसांवर ठेवली, तर काय होतं? मर्यादेच्या विरुद्ध जो वापर मोजला जातो तोच विरघळायला लागतो. म्हणजे ग्रुपचे अवर्स संपले, जॉब थांबले, सगळे हळहळले, आणि काही दिवसांनी आपोआप परत जॉब सुटायला लागले. कुणीही वाढवून दिलेलं नसतं. ग्रुप खूश असतो म्हणून तक्रार येत नाही, आणि तक्रार येत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रिपोर्ट काढला की मग कळतं की एक लाख दिलेल्याने तीन लाख वापरलेत. कारण रिपोर्ट खरा डेटाबेस वाचतो, तिथे काही विरघळत नाही. यावर उपाय दोन, एकतर हाफ-लाइफ शून्य करून दर तिमाहीला वापर रीसेट करायचा, नाहीतर मर्यादा अकाउंटवर न लावता एका क्यूओएसवर (जॉबना लावायचा नियमांचा वेगळा संच) लावायची आणि त्याला नो-डिके हा फ्लॅग द्यायचा. पहिल्या उपायात फेअरशेअरची मजाच जाते, तिमाहीच्या पहिल्या दिवशी सगळे सारखे. दुसऱ्यात फेअरशेअर शाबूत राहतं पण क्यूओएसचा मीटर आपण हाताने शून्यावर आणावा लागतो, ऑटोमॅटिक रीसेट त्याला लागू होत नाही. मला दुसरा बरा वाटतो. हाताने करायचं काम असलं की निदान कुणीतरी त्या दिवशी आकडे बघतं तरी.

आता सगळ्यात जास्त मेल ज्याच्यावरून येतात ते, वॉलटाइम, म्हणजे जॉबसाठी आधीच मागून ठेवायचा कमाल वेळ. एक मुलगा आला होता, अगदी वैतागून.

"दादा, बॅलन्स पंधरा हजार दाखवतोय, माझा जॉब फक्त दोन नोडचा आहे, तरी पेंडिंगच. कारण काय तर असोक-ग्रुप-सीपीयू-मिनिट्स-लिमिट."

"वॉलटाइम किती टाकलायस?"

"सात दिवस."

"आणि जॉब चालतो किती?"

"वीसेक तास. पण मॅक्झिमम सात दिवस आहे ना, म्हणून टाकलं."

बघा आता. दोन नोड म्हणजे ९६ कोअर, सात दिवस म्हणजे १६८ तास, गुणाकार १६,१२८ कोअर-अवर्स. खात्यात १५ हजार. आमच्याकडे सेफ मोड चालू आहे, त्यात स्लर्म जॉब सुरू करण्याआधी बघतं की हा जॉब मागितलेला पूर्ण वेळ चालला तरी पुरेल का, नाही पुरणार तर सोडतच नाही. प्रत्यक्षात त्याला लागणार होते ९६ गुणिले २०, म्हणजे १,९२० अवर्स. वॉलटाइम ३० तास केला आणि तो पेंडिंगमधून निघाला. शिवाय छोटा वॉलटाइम असला की बॅकफिलमध्ये, म्हणजे मोठ्या जॉबसाठी नोड गोळा होईपर्यंत मध्ये ज्या फटी राहतात त्यांत, जॉब घुसतो, ते वेगळंच. पण नाही, पोरं मॅक्झिममच टाकणार. सीनियरची स्क्रिप्ट कॉपी केलेली असते, सीनियरने त्याच्या सीनियरची, त्या मूळ पुरुषाला सात दिवस खरंच लागत असतील कदाचित.

काही लोक म्हणतात मग सेफ मोड बंद करा. बंद केला तर जॉब सुटतात, पण मर्यादा गाठली की चालू असलेले जॉब मध्येच मारले जातात. पाच दिवस चाललेलं एमडी (रेणूंच्या हालचालीचं) सिम्युलेशन सहाव्या दिवशी मेलं तर जो फोन येतो तो सेफ मोडच्या सगळ्या मेलांपेक्षा जड असतो. चालू दे सेफ मोड.

मेमरीचं पण एक सांगतो. एका नोडला ४८ कोअर आणि १९२ जीबी असेल तर कोअरमागे ४ जीबी येतात. कुणीतरी एकच कोअर मागतो आणि ९६ जीबी रॅम मागतो. नुसते कोअर मोजले तर त्याचं बिल तासाला १, पण अर्ध्या नोडची मेमरी गेली, म्हणजे उरलेल्या ४७ कोअरपैकी बरेचसे नुसते बसून राहणार. म्हणून बिलिंग वेट लावतात, कोअरला १, जीबीला पाव, आणि दोन्हीतलं जे मोठं ते बिल. मग त्याच जॉबचं बिल तासाला २४ होतं. हे चालू केलं त्या आठवड्यात केमिस्ट्रीवाले माझ्याशी कँटीनमध्ये बोलत नव्हते. पण नंतर निम्म्या लोकांनी रॅमचा आकडा खाली आणला, कारण तो आकडाही सीनियरच्या स्क्रिप्टमधलाच होता. जीपीयूचं तत्त्व तेच, डीजीएक्स ए१०० सारख्या नोडवर १२८ कोअर आणि ८ जीपीयू असतात, म्हणजे एक जीपीयू किमान १६ कोअरच्या भावात धरा. किमान म्हणतोय, माझ्या मते तो भाव फारच स्वस्त आहे, पण हे मी मीटिंगमध्ये बोललो तर एआयवाले आणि बाकीचे असे दोन तट पडतील म्हणून गप्प बसतो.

माणसं येतात-जातात त्याचा ताप वेगळाच. पीएचडी संपवून मुलगी गेली, गाइड म्हणतात तिचं नाव काढून टाका. काढायला गेलं तर तिचे जॉब अजून चालू असतात, सिस्टिम नाही म्हणते. तेच अकाउंट तिचं डिफॉल्ट असेल आणि दुसऱ्या अकाउंटवरही गाठ असेल तर आधी डिफॉल्ट बदला, मगच काढता येतं. मी आता काढतच नाही, जॉब सबमिट करायची मर्यादा शून्य करून ठेवतो. जुने जॉब संपतात, नवे पडत नाहीत, आणि दोन महिन्यांनी "सर, थीसिसच्या करेक्शनसाठी एकच रन हवाय" असा मेल आला की मर्यादा उणे एक केली की ती उठते, काम झालं. गाइडलाच आपल्या अकाउंटचा कोऑर्डिनेटर करता येतं, म्हणजे आपली पोरं आपणच आत-बाहेर करायची. तीन-चार जणांना करून दिलंय, त्यातल्या एक मॅडम इतक्या काटेकोर आहेत की त्यांच्या ग्रुपबद्दल मला वर्षभर काही बघावंच लागलेलं नाही. बाकीचे अजूनही मलाच मेल करतात, "तुम्हीच करून टाका ना".

इथून पोस्टडॉकला अमेरिकेत गेलेली मुलं तिकडचं सांगतात. तिकडे सप्टेंबर २०२२ पासून अ‍ॅक्सेस नावाचा कार्यक्रम आहे, त्यात आधी क्रेडिट मिळतात, सगळ्यात खालच्या एक्सप्लोर पातळीला ४ लाख, आणि मग ती क्रेडिट आपल्याला हव्या त्या मशीनच्या तासांत बदलून घ्यायची, प्रत्येक मशीनचा दर वेगळा. लहान अर्जाला फार कागदपत्रं लागत नाहीत, हे मला खरंच आवडतं. आमच्याकडे पाच हजार अवर्सच्या टेस्टिंगसाठी पण तोच सहा पानी फॉर्म, जो पाच लाखांसाठी आहे. तिकडेही अलोकेशनला मुदत असतेच बरं का, कायमचं कुणी देत नाही.

तर कॅरी फॉरवर्ड मी देत नाही, आणि हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी दोन गोष्टी केल्यात. तिमाहीच्या मध्यावर प्रत्येक ग्रुपला रिपोर्ट जातो, कोणी किती वापरलं, माणसाच्या नावासकट. आधी एकूणच आकडा जायचा, कुणी उघडत नव्हतं. नावं टाकल्यापासून सगळे उघडतात. ज्यांनी अर्ध्या काळात पाव वाटाही वापरला नाही त्यांना विचारतो, लागणार आहेत का, नसतील तर सोडा, ज्याला लागतात त्याला देतो. सोडणाऱ्याला पुढच्या तिमाहीत जास्त मिळत नाहीत, पण कमीही होत नाहीत, हे लिहून दिलंय. कारण लोक अवर्स धरून बसतात ते लोभापायी नाही, वापरले नाहीत तर पुढच्या वेळी कमिटी कापेल या भीतीने. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात जे विचित्र जॉब पडतात, एकच कॅल्क्युलेशन वीस वेळा, ते या भीतीचंच पीक. लिहून दिल्यापासून ते बरेच कमी झालेत.

दुसरी, एक फुकट क्यू. सगळ्यांना एक जादा अकाउंट दिलंय, त्यावर मिनिटांची मर्यादा नाही, प्रायॉरिटी तळाला, आणि अलोकेशनवाला जॉब आला की फुकटवाला बाजूला होऊन परत रांगेत. ज्यांना चेकपॉइंट घेता येतो, म्हणजे झालेलं काम मध्येच जपून ठेवून तिथूनच पुढे चालू करता येतं, त्यांना ही क्यू सोनं आहे, ग्रोमॅक्स या एमडीच्या सॉफ्टवेअरवाले तर रात्रीत सगळे रिकामे नोड पिऊन टाकतात. ज्यांच्या कोडला चेकपॉइंट नाही ते दोनदा मार खाऊन परत जातात, त्यांच्यासाठी माझ्याकडे सध्या तरी काही नाही. अवर्स संपलेल्या ग्रुपचा मेल आला की मी आता पहिलं हेच विचारतो, चेकपॉइंट चालू आहे का. आणि हो, मेल टाकताना जॉब आयडी आणि अकाउंटचं नाव लिहा, "माझा जॉब चालत नाहीये" एवढ्यावरून मला काहीही कळत नाही.